तरह, अमल, चेहरा

उर्दू शायरी शिकवताना 'मिसरा-ए-तरह' हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहावा लागतो. तरही मुशायऱ्यात एक ओळ आधीच दिलेली असते. तिचे वृत्त, तिचा काफिया, तिची रदीफ घेऊन सगळे शायर आपापली गजल लिहून आणतात. त्या ओळीने जी चौकट तयार होते, तिला उर्दूत 'जमीन' म्हणतात. म्हणजे जमीन एकच, आणि पेरणारे हात अनेक. तरह म्हणजे पाया, आखणी, आराखडा. मुलींना हे पटकन कळते. मात्र हाच शब्द चित्रकलेतलाही आहे, असे सांगितले की त्या माझ्याकडे बघत राहतात.

आपल्या मराठी वाचकांना हा शब्द परका नाही. मराठीतली 'तऱ्हा' ती हीच. 'तरह'सोबत येणारा दुसरा शब्द 'अमल'. तो मराठीत 'अंमल' झाला आणि सरकारी कागदांत 'अंमलबजावणी' होऊन बसला. तिसरा 'चेहरा', तो तर जसाच्या तसा आला. तरह, अमल, चेहरा हे तिन्ही शब्द आपण रोज वापरतो. सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी फतेहपूर सिक्री आणि लाहोरच्या शाही कारखान्यांत मात्र हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या माणसांची कामे होती. आणि ही तिन्ही माणसे एकाच कागदावर काम करीत होती.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 'अकबरनाम्या'ची एक हस्तलिखित प्रत आहे. १८९६ मध्ये ती त्यांच्याकडे आली. तिच्यात ११६ चित्रे आहेत आणि ती किमान ४९ चित्रकारांनी मिळून केलेली आहेत. चित्राच्या खाली, हाशियात, लाल शाईने लिहिलेली एक बारीक ओळ असते. चित्रकाराची सही नाही ती. कुतुबखान्यातल्या कोणा नोंद ठेवणाऱ्याने लिहिलेली नोंद आहे. 'तरह' अमुक, 'अमल' अमुक. काही चित्रांखाली तिसरे नाव असते, 'चेहरानामी' अमुक. म्हणजे आखणी एकाची, रंगकाम दुसऱ्याचे आणि ओळखू यावेत असे चेहरे तिसऱ्याचे.

या प्रतीतले एक चित्र मी वर्गात अनेकदा दाखवते. १५६१ सालचा प्रसंग आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा अकबर 'हवाई' नावाच्या मस्तवाल हत्तीवर बसला आहे. हवाई 'रणबाघा' या दुसऱ्या हत्तीच्या मागे लागला आहे, आणि दोन्ही हत्ती यमुनेवरच्या नावांच्या पुलावर घुसले आहेत. नावा पाण्यात दबल्या आहेत, माणसे पाण्यात पडली आहेत, काठावरच्यांचे हात आभाळाकडे गेले आहेत. तरह बसावनची, अमल चतरचा. बसावनने ठरवले की हत्तीचे वजन डाव्या-उजव्या नावांवर कसे पडेल, कोणती नाव कलेल, कोणता माणूस कुठे धडपडेल. आणि पाण्याचा तो गढूळ रंग, हत्तीच्या कातडीवरची ती सुरकुती, हे चतरच्या हातून आले. मुलींना विचारते, "बताओ, भीती कोणी रंगवली? बसावनने की चतरने?" आजवर एकाही वर्गाचे या प्रश्नावर एकमत झालेले नाही.

याच प्रतीत आदमखानच्या शिक्षेचे चित्र आहे, १५६२ मधले. गच्चीवरून त्याला खाली फेकले जात आहे. तरह मिस्कीनची, अमल शंकरचा. आणखी एका चित्राच्या नोंदीत चित्रकाराची ओळख 'मिस्कीनचा भाऊ आसी' अशी दिलेली आहे. कारखान्यात घरातली नातीही कामाला होती. बसावनचा मुलगा मनोहर बापाच्याच हाताखाली शिकून मोठा झाला.

आता हे काम चालायचे कसे, ते पाहू. कागद म्हणजे एक पातळ पान नव्हे. पानावर पान चिकटवून तो जाड केला जाई आणि गुळगुळीत दगडाने घोटला जाई. त्यावर पहिली रेघ पडे, कोळशाची किंवा पातळ शाईची. मग त्यावर पांढऱ्याचा एक विरळ हात फिरे. खालची रेघ त्यातून पुसट दिसत राही, आणि तिच्या आधाराने पुन्हा पक्की रेघ ओढली जाई. मग रंगांचे थर, एकावर एक. मध्येच चित्र पालथे घालून मागून घोटायचे, म्हणजे रंग कागदात बसून त्याला चमक येई. सोने सगळ्यात शेवटी. एखादी आकृती पुन्हा हवी असेल तर हरणाच्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कातड्यावर ती उतरवून घेत. तिच्या रेषेवर सुईने भोके पाडत आणि कोळशाची पूड दाबून ती नव्या कागदावर उमटवत. त्याला 'चर्बा' म्हणत. आजच्या उर्दूत एखाद्या लेखकाला 'चर्बा उतारला' म्हटले तर तो भांडायला येईल, कारण आता त्याचा अर्थ चोरी. तेव्हा ते फक्त एक अवजार होते.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तरह करणाऱ्याची रेघ चित्र पूर्ण होईपर्यंत रंगाखाली गेलेली असते. ज्याने चित्र उभे केले, त्याचा हात चित्रात दिसत नाही. दिसते ती त्याने ठरवलेली जागा.

दसवंतचे उदाहरण घ्या. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त त्याच्याबद्दल लिहिले आहे. तो एका पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढत फिरायचा. बादशाहाची नजर पडली आणि त्याला ख्वाजा अब्दुस्समदच्या हाताखाली दिले गेले. थोड्याच काळात तो सगळ्यांच्या पुढे गेला. मग त्याच्या मनावर अंधार पसरला आणि १५८४ मध्ये त्याने स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपवले. आज त्याचे म्हणून जे ओळखले जाते, त्यातले बहुतेक 'रज्मनाम्या'त आहे; आणि तिथेही तो बहुतांशी तरहचा धनी आहे, अमल दुसऱ्यांचा. आपल्या काळातल्या सर्वांत मोठ्या चित्रकारांपैकी एकाचा हात आज आपल्याला दुसऱ्यांच्या रंगांतूनच पाहावा लागतो. रंगवणाऱ्यांनी ती रेघ राखली म्हणून दसवंत शिल्लक राहिला. राखली नसती, तर अबुल फजलच्या चार ओळींपलीकडे त्याचे काही उरले नसते.

'रज्मनामा' म्हणजे महाभारताचा फारसी तर्जुमा. अकबराच्या हुकमाने १५८२ मध्ये त्याचे काम सुरू झाले. तिथेही एका पानावर अनेक हात होते. पंडित संस्कृतातून अर्थ सांगत, नकीब खान आणि त्याचे साथीदार तो फारसीत उतरवून घेत. कोणा एकाला दोन्ही भाषा पुरेशा येत नव्हत्या, म्हणून तर सगळ्यांना एकत्र बसावे लागले. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. बसावन आणि अब्दुस्समद, मिस्कीन आणि शंकर, ही नावे एका ओळीत पाहिली की आपल्याकडे लगेच भाषणे सुरू होतात. मी भाषण करणार नाही. ही माणसे एकमेकांवरच्या प्रेमापोटी एका कागदाभोवती बसली नव्हती. बादशाहाचा हुकूम होता आणि महिन्याचा पगार होता. दर आठवड्याला दारोगे आणि कारकून कामे बादशाहापुढे ठेवत, आणि काम पाहून बक्षीस मिळे किंवा पगार वाढे. तरह सहसा उस्तादाकडे असे, अमल सहसा धाकट्याकडे. हे काही बरोबरीचे जग नव्हते. पण त्या गैरबरोबरीच्या जगातही रंग भरणाऱ्या धाकट्याचे नाव लिहून ठेवण्याची रीत होती. मला नवल वाटते ते याचे.

इतके हात लागत कशाला? याचे साधे उत्तर, काम अफाट होते. 'हम्जानामा' घ्या. सुती कापडावरची मोठमोठी चित्रे, एकूण चौदाशेच्या घरात, आणि वेळ लागला सुमारे पंधरा वर्षे. हुमायूनने इराणी दरबारातून आणलेले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोघे एकामागून एक त्याचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या भागांतले चित्रकार आले, प्रत्येक जण आपल्या गावची रेघ घेऊन. पंधरा वर्षे एकमेकांच्या कागदावर, कापडावर काम करून त्या रेघा एकमेकींत मुरल्या. ज्याला आपण आज मुघल शैली म्हणतो, ती अशी तयार झाली. ती एका माणसाच्या डोक्यातून निघाली नाही.

त्या चौदाशेपैकी आज दोनशेसुद्धा चित्रे उरलेली नाहीत. लंडनच्या संग्रहालयातली काही १८८१ मध्ये काश्मीरात मिळाली. तिथे ती वारा अडवायला खिडक्यांना लावलेली होती. त्यांतल्या अनेक चित्रांतले चेहरे कोणीतरी खरवडून टाकलेले होते. तरह राहिली, अमल राहिला, चेहरा गेला.

चेहऱ्याच्या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे. त्याआधी माझ्या अब्बांबद्दल थोडे.

माझे अब्बा कातिब होते. मालेगावात उर्दू साप्ताहिके निघत, शायरांचे दीवान निघत, जलशांची पोस्टरे निघत, आणि ते सगळे हातानेच लिहिले जाई. अब्बा जमिनीवर बसत, एक गुडघा उभा करून त्यावर पाटी टेकवत. कलमाला कत देताना त्यांचा श्वास थांबलेला असे. मिस्तरवर ताणलेल्या दोऱ्यांचे ठसे कागदावर उमटवून ते ओळी आखून घेत. चुकलेले अक्षर ब्लेडने खरवडून काढत, इतके हलके की कागदाला कळू नये. आम्हा भावंडांना त्या खोलीत पळायला बंदी होती.

साप्ताहिकाच्या पानावर कुठे तरी एखादे चित्र यायचे असे. ते करणारा माणूस वेगळा. अब्बा मजकूर लिहिताना त्याच्यासाठी चौकोन सोडत. मी लहानपणी विचारले होते, "अब्बा, इथे तुम्ही का लिहिले नाही?" ते म्हणाले, "बेटा, जगह छोड़ना भी किताबत है." तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नाही. आता, वर्गात चाळीस मुलींसमोर उभी राहते तेव्हा, दुसऱ्यासाठी जागा सोडणे हे किती अवघड काम आहे, ते कळते.

'इनपेज' हे उर्दू लिहिण्याचे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये आले. आमच्या गावापर्यंत पोहोचायला त्याला थोडी वर्षे लागली. मग एकेका साप्ताहिकाने कातिबाला सलाम केला. अब्बा शादीची कार्डे आणि दुकानांच्या पाट्या लिहू लागले. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण घरातली ती पाटी भिंतीला टेकून राहिली ती राहिलीच. पुढे मी बी.एड. झाल्यावर, शाळेच्या संगणकावर प्रश्नपत्रिका टाइप करताना एक गोष्ट समजली. ज्या अक्षरात मी टाइप करीत होते, ते 'नूरी नस्तालीक'. मिर्झा अहमद जमील या कातिबाने हजारो जोडअक्षरे हाताने लिहून १९८१ मध्ये ते तयार केले, आणि त्याला आपल्या वडिलांचे, नूर अहमद यांचे नाव दिले. म्हणजे यंत्रातही एक कातिब बसलेलाच होता. माझी प्रश्नपत्रिकाही दोन हातांचीच होती. घरी येऊन अब्बांना हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अच्छा किया उसने, बाप का नाम रखा."

अब्बा आता नाहीत. त्यांनी लिहिलेल्या काही पुस्तकांच्या शेवटच्या पानावर 'किताबत' या शब्दापुढे त्यांचे नाव आहे. काहींवर नाही. ज्यांवर नाही तीही मी ओळखते, त्यांच्या 'ये'च्या वळणावरून.

निजामीच्या 'खम्सा'ची एक प्रत १५९५ च्या सुमारास अकबरासाठी तयार झाली. ती लिहिणारा कातिब अब्दुर्रहीम, 'अंबरीन कलम' या किताबाने ओळखला जाणारा. पुढे जहांगीरने दौलत नावाच्या चित्रकाराला त्या प्रतीच्या शेवटच्या पानावर एक चित्र घालायला सांगितले. त्यात अब्दुर्रहीम लिहीत बसला आहे आणि समोर दौलत स्वतः चित्र काढत बसला आहे. कातिब आणि मुसव्विर, समोरासमोर, मध्ये कलमे आणि शाया. बादशाह त्यात कुठेच नाही. हे चित्र मी छापील पुस्तकात पाहिले, आणि अब्बांना दाखवायचे राहून गेले.

आता शाळेचे सांगते. बी.एड.ला गटपद्धती शिकवतात. पाठ टाचणात 'गटकार्य' असा रकाना असतो आणि तो आम्ही इमानेइतबारे भरतो. प्रत्यक्षात गटात एक मुलगी काम करते आणि बाकीच्या तिच्या पेन्सिलीला टोक काढतात. आपली सगळी परीक्षापद्धती एका मुलीला एक कागद अशीच आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षाही तशाच. त्यात गैर काही नाही. एकटीने कागदासमोर बसायलाही शिकलेच पाहिजे. पण एकाच कागदासमोर सगळ्यांनी बसायला कोण शिकवणार?

म्हणून एका वर्षी आठवीच्या बारा मुलींना मी ड्रॉइंग शीट जोडून एक लांब कागद करून दिला. आधी एक खेळ खेळलो. कागद दुमडायचा, एकीने डोके काढायचे, दुसरीने न बघता धड, तिसरीने पाय. पॅरिसमध्ये १९२५ मध्ये काही कवी-चित्रकारांनी हाच खेळ मन लावून खेळला आणि त्यातून आधुनिक कलेत एक नवी वाट निघाली. मुली हसून हसून लोळल्या. पण त्या खेळात आधीच्या हाताचे काम झाकलेले असते, गंमत त्यातच असते. दसवंत-बसावनच्या कारखान्यात उलटे होते. आधीच्याने काय केले, ते नीट पाहिल्याशिवाय पुढच्याचा हात चालूच शकत नव्हता. मी म्हटले, आता तसे करू.

विषय मुलींनीच निवडला, 'हमारा जुमा'. आमच्या गावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. सहा दिवसांची खटखट थांबते आणि गाव अचानक ऐकू येऊ लागते. एकीने तरह केली. तिचा हात चांगला. गल्ली, बंद लूमचा कारखाना, मशिदीकडे जाणारी माणसे, सिनेमाच्या तिकिटाची रांग, मौसमचा पूल, सगळे तिने दोन दिवसांत बसवले. दुसरीकडे अमल. तिचे वडील लूमवर पाळी करतात. बंद कारखान्याच्या आतला उजेड कसा असतो, हे तिलाच ठाऊक होते. तिने त्यासाठी एक राखाडी रंग केला, त्यात किंचित पिवळा, कापसाच्या धुळीवर ऊन पडावे तसा. तो रंग मला कोणत्याही पुस्तकातून शिकवता आला नसता.

चेहऱ्यांपाशी काम अडले. एका मुलीची अम्मी शाळेत आली. अत्यंत अदबीने म्हणाली, "मिस, आमच्या घरात जानदारची तसवीर चालत नाही. मुलीला चेहरे काढायला लावू नका." हा प्रश्न आपल्या शाळांना नवा नाही, आणि त्याची टर उडवून तो सुटत नाही. आपल्यात याबद्दल एक मत नाही, कधीच नव्हते. खुद्द अकबराचे म्हणणे अबुल फजलने नोंदवले आहे. त्याचा मथितार्थ असा की, मुसव्विर जिवंत आकृती काढतो, तिचा अवयवन् अवयव रंगवतो, पण तिच्यात जीव घालू शकत नाही. म्हणून खुदाची आठवण त्याला इतरांपेक्षा जास्तच होते. मी ते त्या बाईंना ऐकवले नाही. बादशाहाचे मत आईच्या मतापेक्षा मोठे असते, असे मला वाटत नाही.

मुलींनी मात्र यावर तासभर वाद घातला. एक म्हणाली, सगळेच चेहरे कोरे ठेवू. दुसरी म्हणाली, मग ही माझी दादी आहे हे कसे कळणार? तिसरीने विचारले, "और बकरी? बकरी जानदार नहीं है क्या?" यावर सगळा वर्ग हसला, ती मुलगीही. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. ज्या मुलीच्या घरी चालत नव्हते, तिने मिनार, झाडे, पूल आणि लूम घेतले. चेहरे दुसऱ्या एकीकडे गेले, जिच्या घरी हरकत नव्हती. काही माणसे पाठमोरी झाली. नमाजला जाणारी माणसे पाठमोरीच शोभतात, असेही कोणीतरी म्हणाले. मला तेव्हा लक्षात आले, एकीला एक कागद असता तर त्या मुलीला एक तर घराचे ऐकावे लागले असते किंवा शाळेचे. कागद सगळ्यांचा होता म्हणून तिला तिच्या जागी राहून चित्रात राहता आले. तिची अम्मी नंतर चित्र बघायला आली. लूमसमोर बराच वेळ उभी राहिली.

मग स्पर्धेचा अर्ज आला. अर्जात 'स्पर्धकाचे नाव' अशी एकच ओळ. मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, कोणातरी एकीचे टाका. प्रमाणपत्र एकीलाच देता येते." मी मुलींना जसे होते तसे सांगितले. तरह करणारीचे वडील आले आणि म्हणाले, आराखडाच नसता तर रंग कशात भरला असता? त्यांचे चूक नव्हते. रंग करणारी म्हणाली, "रंग नसता तर लांबून दिसले असते का?" तिचेही चूक नव्हते. चेहरे करणारी काही बोलली नाही, फक्त चित्रातल्या दादीकडे बघत राहिली. मी म्हटले, ठरवायचे तुम्ही. दोन दिवस वर्गात कोणी कोणाशी धड बोलेना.

तिसऱ्या दिवशी तरह करणारी मुलगी स्वतःच आली. म्हणाली, "मिस, माझे नाव टाकले तर बाकीच्या म्हणतील, आमचे पुसून टाक. मग राहील काय?" चित्र पाठवले गेले नाही. हे लिहायला सोपे आहे. पण त्या मुलीच्या घरात तोवर कोणाच्याच नावाचे प्रमाणपत्र भिंतीवर नव्हते, आणि ते लागले असते. दोस्तीची किंमत असते आणि ती तिने मोजली, एवढे मला नोंदवून ठेवायचे आहे. दोन वर्षांनी ती एकटी एलिमेंटरीला बसली आणि ए ग्रेड घेऊन आली. तेव्हा वर्गात सगळ्यांत मोठ्याने टाळ्या रंग करणारीने वाजवल्या.

चित्र आमच्या जिन्याच्या भिंतीवर लागले. खालच्या पट्टीत मुलींनी नस्तालीकमध्ये नावे लिहिली. तरह अमुक, अमल अमुक, चेहरे अमुक, लूम व मिनार अमुक. आणि शेवटी दोन नावे जास्तीची, कागद जोडणारीचे आणि पाणी आणून ब्रश धुणारीचे. अकबराच्या कारखान्यात कागद करणाऱ्याचे आणि घोटणाऱ्याचे नाव चित्राखाली येत नसे. या एका बाबतीत आठवीच्या मुली दरबाराच्या पुढे गेल्या, असे मी अभिमानाने म्हणते.

जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात एक दावा केला आहे. एका चित्रातले वेगवेगळे चेहरे वेगवेगळ्या उस्तादांनी केले असतील, तर कोणता कोणाचा हे तो सांगू शके. इतकेच नव्हे, एकाच चेहऱ्यात डोळे आणि भुवया दुसऱ्याने काढल्या असतील तर तेही ओळखू शके. अनेकांना हा बादशाही गर्व वाटतो. मला तो शिक्षकाचा गुण वाटतो. त्याच्याच काळात, म्हणजे १६०५ नंतर, एका चित्राला एकच चित्रकार ही पद्धत वाढली. मन्सूर, अबुल हसन यांच्यासारखी मोठी नावे पुढे आली. त्यांची कला अप्रतिमच. पण भुवई कोणाची हे ओळखणारी नजर घडली, ती सामाईक कागदावर.

ज्यांना हे पाहायचे आहे, त्यांना लंडनला जायला नको. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात तैमूर घराण्याच्या इतिहासाची प्रत आहे, १३२ चित्रांची, खाली चित्रकारांच्या नावांसह. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही अकबरकालीन 'अन्वार-ए-सुहैली'ची पाने आहेत.

पण ही नावे सगळीकडे उरलेली नाहीत. पुस्तके जुनी झाली, पुन्हा बांधली गेली. बांधणाऱ्याने कडा सारख्या करायला कातर चालवली आणि खालची ती बारीक लाल ओळ कापली गेली. चित्र शाबूत राहिले, हाशिया गेला, आणि हाशियाबरोबर माणसे गेली. आज त्या चित्रांखाली संग्रहालये 'चित्रकार अज्ञात' असे लिहितात. ते अज्ञात नव्हते. त्यांची नावे लिहिलेली होती.

हल्ली 'हाशिये पर' म्हटले की आपण स्वतःकडे बघतो, आणि त्यात खोटे काही नाही. पण हस्तलिखितात हाशिया ही टाकून दिलेली जागा नसते. काम कोणी केले, ते तिथेच लिहिलेले असते. एवढेच सांभाळायचे की, पुस्तक नव्याने बांधायची वेळ येईल तेव्हा कातर धरणाऱ्या हाताला कोणीतरी म्हणावे, जरा थांबा, इथे नावे आहेत.